कोरडवाहू गाणी, बागायती गाणी

त्या वर्षी मला एका माणसाच्या तोंडून एकच वाक्य ऐकायचं होतं. वाक्य कोणतंही चाललं असतं. चांगलं निघालं असतं तर मी नोकरी सोडून मुंबईला गायला जाणार होतो. वाईट निघालं असतं तर जळगावातच राहून पाटबंधारे खात्याचं आवक-जावक रजिस्टर सांभाळणार होतो. माणूस मुका नव्हता. दुनियेतल्या वाटेल त्या गाण्याबद्दल तो न विचारताही बोलायचा. फक्त माझ्या गाण्याबद्दल बोलायला तयार नव्हता.

ते माझे घरमालक. सगळे त्यांना आबा म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. त्यांच्या घराच्या माडीवरची एक खोली माझ्याकडे भाड्यानं होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं, बायको पहिल्या बाळंतपणासाठी भडगावला माहेरी जायच्या बेतात, आणि माझ्या ट्रंकेत, लग्नाच्या कोटाखाली, सुवाच्य अक्षरात लिहिलेला राजीनामा. तारीख तेवढी घालायची राहिली होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं; आपण मोठे गायक होणार अशी खात्री असलेले कारकून तेव्हा प्रत्येक कचेरीत एक तरी असत. आमच्या कचेरीत तो मी होतो.

आबा एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचे. गाड्या ओळीनं उभ्या असत. आबा गाडीपाशी यायचे, ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला पुंजका काढायचे, सरकी नखानं सोडवायचे आणि उरलेली रुई दोन अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचे. ओढलेली एकावर एक ठेवायची, पुन्हा ओढायची. शेवटी केसांच्या बटेसारखा जो पट्टा उरेल तो डोक्यावरच्या काळ्या टोपीला चिकटवून बघायचा. टोपी त्यासाठीच होती. देवळात जातानासुद्धा ते ती घालत नसत. धागा लांब की आखूड, स्वच्छ की डागी, हे ते एका शब्दात सांगायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे.

“आबा, जरा नीट बघा ना,” कोणी म्हणायचं.

“मी नीट बघितलं. तू नीट वेचला नाहीस.”

यावर भांडण व्हायचं नाही, कारण हा माणूस स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याचा कापूसही ‘कवडी’ म्हणून बाजूला काढतो, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, मध्ये गाठ बसलेला कापूस. मेव्हणा त्यानंतर दोन वर्षं दिवाळीला आला नाही. आबांना त्याचं काही वाटलं नव्हतं. “कापूस यायचा बंद झाला असता तर वाटलं असतं,” ते म्हणाले होते.

अशा माणसाला तबकड्यांचा नाद लागावा, ही देवाची गंमत. कापसाच्या व्यापारातला मुंबईचा एक दलाल त्यांना दोन-तीन महिन्यांनी रेल्वेनं एक खोकं पाठवायचा. जुन्या बाजारात उठलेल्या घरांचं सामान विकायला येतं, त्यातल्या तबकड्या हा माणूस वजनावर उचलायचा. कोणाच्या, कुठल्या देशाच्या, कसल्या, हे त्याला माहीत नसायचं आणि आबांना नको असायचं. “ओळखीचं काही टाकू नको,” एवढीच त्यांची अट. ओळखीची गाणी हॉटेलात रेडिओवर फुकट वाजत होती. ती ऐकताना माणूस गाणं ऐकत नाही, आपली आठवण ऐकतो, असं त्यांचं म्हणणं.

खोकं आलं की माझं काम सुरू. तबकडीच्या मधोमध जो रंगीत कागद असतो, नावागावाचा, त्यावर मी, स्वतःही न वाचता, खाकी कागदाची गोल चकती चिकटवायची. नाव वाचलं की कान लबाडी करतात, हा आबांचा सिद्धान्त. माझा सिद्धान्त असा की पाटबंधारे खात्याचे जुने लिफाफे फुकट जाऊ नयेत. अशा रीतीनं जगभरच्या संगीतावर ‘शासकीय सेवार्थ’ हे शब्द अर्धेमुर्धे उमटले. चकतीवर ऐकून झाल्यावर आबा शिसपेन्सिलीनं आपला निकाल लिहायचे.

रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही तिघं खालच्या खोलीत जमायचो. आबा, मी, आणि समोरचे कापडवाले शेठजी. शेठजींचे पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासून त्या घराण्यात कोणी गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नव्हतं, आणि ती सवय त्यांनी गाण्यालाही लावली होती.

“वा आबासाहेब! काय चीज आहे!”

“शेठ, अजून सुई टेकली नाही.”

“टेकेल ना. आपली नजर पोचते आधीच.”

बाहेर जळगावचं ऊन. खिडकीला ओला वाळ्याचा पडदा. कपाटात, फळ्यांवर, अगदी देवाच्या कोनाड्याशेजारीसुद्धा कापसाच्या नमुन्यांच्या निळ्या पुड्या ठेवलेल्या असत, आणि कितीही झाडलं तरी त्या खोलीत रुईचे तंतू तरंगत. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी यायची आणि तिच्यात ते तंतू वर-खाली, वर-खाली, अगदी सावकाश. त्यात एखाद्या अनोळखी देशातलं वाद्य सुरू झालं की ते तंतू त्या तालावर हलताहेत असं वाटायचं. मी तरी शपथेवर सांगेन की हलायचे. अर्थात भरपेट वरण-बट्टी जेवलेल्या माणसाच्या शपथेला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

आबा ऐकताना डोळे मिटायचे आणि हातात कापसाचा एक पुंजका घ्यायचे. अंगठे चालू. गाणं संपेपर्यंत पट्टा तयार व्हायचा.

सगळ्या गाण्यांचे त्यांनी दोन मूळ प्रकार पाडले होते. एक कोरडवाहू, दुसरं बागायती. बागायती गाणं म्हणजे भरपूर वाद्यं, पाणी पाजून वाढवलेलं, पानं मोठी. कोरडवाहू म्हणजे एकटा माणूस, एखादी तार, आभाळाकडे बघून गायलेलं. “बागायतीत चव कमी असते असं नाही,” ते म्हणायचे, “पण पाणी कोणी दिलं ते कळत राहतं.”

एकदा विलायती वाद्यांचा मोठा ताफा लागला. पन्नास-साठ माणसं असावीत. ऐकून आबा म्हणाले, “लग्न मोठं आहे. पण नवरा-नवरी कुठे आहेत ते सापडेना.” मग मध्येच सगळं शांत होऊन एकटी बासरी आली आणि ते पुढे सरकून बसले. “ही बघ. ही नवरीची धाकटी बहीण. हिला कोणी विचारत नाहीये.”

कुठल्याशा परदेशी नाटकातली एक बाई पंधरा मिनिटं उंच, उंच ओरडत होती. “हिचं कोणी गेलंय,” आबा म्हणाले. “दुःख खरं आहे. पण ते चार गावांना ऐकू जावं अशी तिची इच्छा आहे.”

“वा,” शेठजी म्हणाले.

विजेच्या गिटारीवाले चार तरुण एकदा असे काही सुरू झाले की अक्कांनी स्वैपाकघरातून ‘काय पडलं?’ म्हणून विचारलं. अक्का म्हणजे आबांच्या पत्नी. आबा मात्र डोळे मिटून डोलत होते. निकाल लिहिला, ‘जिनाचा पट्टा तुटला. बरं झालं तुटला.’

तुतारी आणि ढोलकांचा एक ताफा त्यांना फार आवडायचा. पुढे कळलं की तो अमेरिकेतल्या हबशी लोकांचा. त्याच्या चकतीवर लिहिलेलं होतं, ‘बाजारात सगळे एकदम बोलतात, पण राग कोणालाच आलेला नाही.’ आणि एका तबकडीत तर एक साहेब कसलीशी वाक्यं सावकाश म्हणायचा आणि थांबायचा, म्हणायचा आणि थांबायचा. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. आबांनी कपाळाला आठ्या घालून लिहिलं, ‘आवाज निर्मळ. गाणं सुरू होईना.’ ती भाषा शिकवायची तबकडी होती, हे आम्हांला कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी सांगितलं तेव्हा शेठजी म्हणाले, “तरीच म्हटलं, शब्द किती स्पष्ट!”

पण आमची खरी फजिती एका छोट्या तबकडीनं केली. कागद झाकलेला असल्यानं तबकडी कोणत्या वेगानं फिरवायची हेही आम्हांला कळत नसे. यंत्राला तीन वेग होते आणि आम्ही अंदाजानं एक लावायचो. त्या दिवशी जे सुरू झालं ते मी आजही विसरलो नाही. खोल, जड, दमलेले आवाज. डोहाच्या तळाशी बसून कोणीतरी हळूहळू काही समजावतंय असे. मागे एक घंटा, तीही पाण्यात बुडालेली. आम्ही तिघंही हललो नाही. उन्हाची पट्टी भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेली. अक्का चहा घेऊन आल्या, त्याही ट्रे धरून उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि मग चहासकट परत गेल्या. संपल्यावर आबांनी ओढलेला पट्टा टोपीला लावला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “अती लांब धागा. असा मी आयुष्यात दोनदा पाहिला.”

सहा रविवार आम्ही ती तबकडी ऐकली. शेठजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खरं पाणी होतं. सातव्या रविवारी माझ्या हातून यंत्राचा खटका चुकून पुढच्या वेगावर सरकला आणि खोलीत वीस-पंचवीस चिमुकली मुलं टाळ्या वाजवत, घंटी बडवत, चिवचिवाट करत नाचायला लागली. बालवाडीचं गाणं होतं ते. कुठल्या तरी थंड देशातल्या पोरांचं.

शेठजी हसून लोळायचे बाकी राहिले. मी आबांकडे बघितलं. आता हा माणूस काय करणार? सहा आठवडे ज्याला उत्तम प्रत दिली तो माल दुसराच निघाला.

आबा शांतपणे म्हणाले, “मी ऐकलं ते उत्तमच होतं. त्यांनी काय गायलं ते त्यांचं त्यांनी बघावं.” आणि खटका मागे ओढून त्यांनी ती पुन्हा सावकाश लावली.

त्यांच्या निकालांत एक तिसरा निकाल होता, आणि तोच मला सगळ्यांत जास्त आवडायचा. ‘कळलं नाही.’ अरबांच्या मुलुखातलं एक तंतुवाद्य त्यांनी लागोपाठ चार वेळा ऐकलं. सूर आमच्या सुरांच्या शेजारून जायचा, आता मिळेल म्हणावं तर बाजूनं निघून जायचा. मी डोळे मिटले की मला वाळूत एक विहीर दिसायची, आणि दोर घेऊन उभा असलेला कोणी. दोर पुरत नव्हता. आबांनी चारही वेळा चकतीवर ‘कळलं नाही’ लिहिलं, एकाखाली एक. पन्नाशी उलटलेला माणूस, ज्याच्या शब्दावर गाड्या वळायच्या, तो पेन्सिल हातात धरून सरळ लिहीत होता की मला कळलं नाही. मी कचेरीत तोवर आठ साहेबांच्या हाताखाली काम केलं होतं. एकानंही हे दोन शब्द कधी फाइलवर लिहिले नव्हते.

तर अशा या माणसाच्या डोक्यावर मी राहत होतो आणि रोज पहाटे रियाज करत होतो.

माझ्या रियाजाबद्दल घरात वेगवेगळी मतं होती असं म्हणता येणार नाही, कारण कोणी मत देतच नव्हतं. मी सा लावला की आबा परसात निघून जायचे. एकदा मी खिडकीतून वाकून बघितलं तर ते पेरूच्या झाडाखाली बसलेले, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. मला फार लागलं. निदान बोळे तरी साध्या कापसाचे असतील म्हणून मी नंतर दगडावर पडलेला एक उचलून पाहिला. उत्तम प्रतीची रुई होती.

बायकोनं मुंबईला नाही म्हटलं नव्हतं. तिनं एकच अट घातली होती. भडगावला जायच्या आदल्या दिवशी ट्रंक आवरताना तिला राजीनामा सापडला. ती रडेल म्हणून मी तयार होतो. तिनं तो नीट वाचला, घडी घातली आणि परत कोटाखाली ठेवला.

“अहो, माझे वडील तुम्हांला छान गाता म्हणतात, कारण तुम्ही जावई आहात. तुमचे मित्र म्हणतात, कारण चहा आपल्याकडे असतो. मी म्हणते कारण... मी म्हणतेच. पण ज्याला खोटं बोलता येत नाही असा एक माणूस आपल्या खालीच राहतो. त्यांना विचारा. ते हो म्हणाले तर मी पोराला घेऊन मुंबईत जिन्याखाली राहीन.”

“आणि नाही म्हणाले तर?”

“तर कोट उन्हात घालायला हवा, कसर लागलीय.”

मी दुसऱ्याच दिवशी आबांना गाठलं. “आबा, माझं एक ऐका. एकच. आणि खरं सांगा.”

“नाही.”

“का?”

“तबकडीला माझं बोलणं ऐकू जात नाही,” आबा म्हणाले, “म्हणून मी तिला बोलतो. तुला ऐकू जाईल.” आणि टोपी घालून ते जिनाकडे निघून गेले.

असं मी महिनाभरात चारदा विचारलं असेन. शेवटी अक्कांनाच माझी दया आली. बायको माहेरी गेल्यापासून मी त्यांच्याकडेच जेवत होतो. त्या धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या, बोलणं पुरं अहिराणी, आणि माझ्या पानात बट्टी वाढताना त्यांनी मला जे सांगितलं ते अगदी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

अक्कांच्या लग्नानंतरचं पहिलंच वर्ष होतं. भादव्यात गल्लीतल्या मुलींनी गुलाबाई बसवली होती. आमच्याकडे महिनाभर रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गुलाबाईची गाणी म्हणतात, मग खाऊ ओळखायचा आणि वाटायचा. अक्का माहेरी त्या गाण्यांत पुढे असायच्या. नव्या अंगणातही त्या मुलींत उभ्या राहून गायल्या, आणि घरात येऊन हौसेनं नवऱ्याला विचारलं, कसं झालं?

“मग?”

“मग काय? कवडी म्हने.” अक्का हसल्या. “मी इचारं, त्यासनी सांगं.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढला वरीसले मी खाऊ करा. गानं पोरीसनी म्हनं.”

मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या लग्नाला तीस वर्षं होत आली होती. तीस वर्षांत त्या घरात अक्का एकदाही गुणगुणल्या नव्हत्या. मी माडीवर गाताना आबा कानात बोळे का घालतात, हे मला तेव्हा कळलं. त्यांना आवाज नको होता असं नाही; मत नको होतं. मत झालं असतं तर ते सांगावं लागलं असतं. अक्का उठता उठता म्हणाल्या, “तू गाय, भाऊ. पन त्यासले इचारू नको.”

शहाण्या माणसानं इथे थांबायला हवं होतं. मी मुंबईला गेलो.

तिथे एका ठिकाणी तेव्हा कोणालाही आपला आवाज तबकडीवर कोरून मिळायचा. मी तीन दिवसांची रजा काढली, काचेच्या खोलीत उभा राहिलो आणि माझं सगळ्यांत आवडतं भावगीत, मीच चाल लावलेलं, जीव ओतून गायलो. तबकडी धोतराच्या घडीत गुंडाळून आणली. तिच्यावर खाकी चकती चिकटवली, आणि येत्या रविवारच्या तीन तबकड्यांत ती तिसरी ठेवली.

त्या रविवारी शेठजी लग्नाला गेले होते. आम्ही दोघंच. पहिली तबकडी कुठल्या तरी चर्चमधली होती, दुसरी मद्रासकडची वीणा. आबा आरामात होते. मग त्यांनी तिसरी हातात घेतली. कडेवरून अंगठा फिरवला. तो अंगठा मध्येच थांबला. पुन्हा एकदा, उलट बाजूनं फिरला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. सुई टेकवली आणि कापसाचा पुंजका घेऊन डोळे मिटले.

मी माझा आवाज त्या खोलीत ऐकला. वाळ्याचा पडदा तसाच, उन्हाची पट्टी तशीच, तंतू वर-खाली. काय सांगू, त्या तीन मिनिटांत मीसुद्धा एक अनोळखी माणूस ऐकत होतो. कोणी तरी परगावचा, जरा घाईत असलेला, वरच्या सुरापाशी चवड्यांवर उभा राहून फळीवरचा डबा काढू बघणारा. डबा हाताला लागत होता; हातात येत नव्हता. वाईट गाणं आबा मिनिटभरात बंद करत. ही तबकडी त्यांनी शेवटपर्यंत चालू दिली. संपल्यावरही सुई बराच वेळ खरखरत राहिली.

“कोणी गायलं असेल, आबा?” मी विचारलं. माझा आवाज तबकडीतल्यापेक्षा वाईट लागला.

त्यांनी पट्टा टोपीवर ठेवला. “रुई स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “डाग नाही, भेसळ नाही. पण धागा आखूड. याचं कापड होणार नाही.” त्यांनी पट्टा टोपीवरून पुन्हा हातात घेतला. “वाती होतील.”

मी उठून खरखरणारी सुई उचलून ठेवली.

“तबकडी मऊ आहे,” आबा म्हणाले. “एवढ्यात कोरलेली. हात लावला तेव्हाच कळलं. तुला हवंच होतं, म्हणून सांगितलं.”

दारात अक्का उभ्या होत्या. गाणं चालू असताना त्या कधी त्या खोलीत येत नसत. हातांना पीठ लागलेलं, तसेच हात पुढे धरून त्या आत आल्या.

“पुन्हा तेच करं तुम्ही,” त्या आबांना म्हणाल्या.

“त्यानं विचारलं.”

“मी बी इचारंच व्हतं!” मी अक्कांचा चढलेला आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता. “आते तो पोऱ्या बी बंद पडी जाई. दोन दोन माणसं एका घरमा!”

आबांच्या हातातला पट्टा खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. त्या तबकडीच्या चकतीवर त्यांनी काहीही लिहिलं नाही.

राजीनामा मी त्याच रात्री फाडला. सुवाच्य अक्षराचं तेवढं वाईट वाटलं. खरं सांगायचं तर, आतून मला हायसंही वाटलं होतं. पण माणूस हायसं वाटलेलं कबूल करत नाही, अपमान मात्र जपून ठेवतो. मी गाणं बंद केलं. पहाटे उठून स्वस्थ बसायचो. खाली परसात आबा पेरूच्या झाडाखाली येऊन बसायचे, आता बोळे न घालता. मी ते वरून बघायचो आणि मुद्दाम गप्प राहायचो. असा मी तेव्हा होतो.

रविवारची बैठकही मोडली. शेठजी दोनदा येऊन दार वाजवून गेले. “आबासाहेब, माझा रविवार गेला हो,” ते म्हणाले. आबा म्हणाले, कान दुखतोय. त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खोटं.

मुलगी झाल्याचं पत्र भडगावहून आलं आणि चार महिन्यांत माझी धुळ्याला बदली झाली. सामान ट्रकवर चढवताना आबांनी दोर स्वतः बांधले. गाठ मारून झाली तरी ते ट्रकपाशी उभे होते.

“धुळ्याची हवा बरी आहे,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. एवढ्यावर आम्ही निरोप घेतला.

धुळ्याला आमची मुलगी रडायला लागली. म्हणजे रडत ती आधीही होती, पण तिथे तिनं ते मनावर घेतलं. रोज दिवेलागणीला सुरू करायची ते दोन तास. बायकोनं सगळे उपाय केले. शेजारणींनी राहिलेले केले. एके दिवशी वैतागून मी तिला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालताना नकळत गायला लागलो, तेच, आखूड धाग्याचं. पोर दचकली, थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि थोड्या वेळानं झोपली. तेव्हापासून हा माझा रोजचा कार्यक्रम झाला. श्रोता एक, तोही झोपणारा. गवयाला याहून लाजिरवाणं काय असेल? पण मी गात होतो. वरच्या सुरापाशी गेलो की चवडे उचलायचो. पोरीला तेच आवडायचं.

असाच एका संध्याकाळी मी तिला झोपवून बाहेर आलो तर ओट्यावर चहाची बशी होती आणि बायको दाराला टेकून रस्त्याकडे बघत उभी होती.

“कोण आलं होतं?”

“आबा.”

“कोण आबा? आपले? जळगावहून?”

“एसटीनं आले. धुळ्याच्या बाजारात कापूस बघायचं काम होतं म्हणाले.” ती जराशी हसली. “जेठात कसला हो कापूस?”

“मग मला हाक का नाही मारलीस?”

“मारणार होते. तुम्ही आत तिला घेऊन सुरू केलं होतं. त्यांनी हातानंच गप्प केलं मला. म्हणाले, मी भेटायला नाही, ऐकायला आलोय. पोर झोपेपर्यंत इथंच बसून होते, पायरीवर. टोपी मांडीवर काढून ठेवली होती.”

शेवटी जे विचारायला नको होतं तेच विचारलं. “काही बोलले?”

“मीच विचारलं. म्हटलं, आबा, कसं गातात हे? तर म्हणाले...” ती थांबली. तिला त्यांचे शब्द नीट आठवून सांगायचे होते. “म्हणाले, ‘ते मला विचारू नकोस, बाई. गातोय ना. मला घरी जाऊन तेवढंच सांगायचंय तिला.’”

रस्त्याच्या टोकाला, वळणापाशी, हातात पिशवी घेतलेला एक माणूस चालला होता. ते वळण एसटी स्टँडकडे जायचं. हाक मारली असती तर पोचली असती. पण हाक मारून मी काय बोलणार होतो?

मी आत गेलो. पोर गाढ झोपली होती. मी तिला उचलून खांद्यावर घेतलं, रस्त्याकडची खिडकी पूर्ण उघडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, चांगलं मोठ्यानं, वळणापर्यंत जाईल असं. बायको म्हणाली, “अहो, उठेल ना ती!” आणि ती उठलीच.